खोटा बुल

वणीत येऊन तुम्ही देवराव ताकसांडे कुठं राहतात असं विचारलं, तर लोक आधी डोकं खाजवतील, मग तुम्हालाच विचारतील, "कोन ताकसांडे?" पण टूटू काका म्हणा. शाळेत जाणारं पोरगंही दारापर्यंत आणून सोडेल आणि वर सांगेल, "कडी वाजवू नोका, आयकू नाही येत. सरळ आत जा."

टूटू हे नाव लाडाचं नाही. ते एका काडतुसाचं आहे. पॉइंट टू-टू. पेन्सिलीएवढं जाड, बोटाच्या पेराएवढं लांब. जगभर लोक ज्या काडतुसावर नेमबाजी शिकतात ते. काकांनी जन्मभर त्याची इतकी तारीफ केली, की गावानं शेवटी त्याचं नाव त्यांनाच लावून टाकलं. कुणी स्वतःच्या लेकराचंही एवढं कौतुक करत नाही. दीपा, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, मला लहानपणी सांगायची, "बाबाले दोन पोरी हायेत. मोठी शिशाची हाय."

काका मूळचे मारेगावकडच्या खेड्यातले. फौजेतून परत आले तेव्हा त्यांच्याजवळ एक काळी ट्रंक, एक मिशी आणि नलूकाकूशी जमलेलं लग्न, एवढाच ऐवज होता. वणीतल्या काही डॉक्टर, वकील आणि कोळशाच्या ठेकेदारांनी त्याच सुमारास हौसेनं एक रायफल क्लब काढला होता. रायफली सांभाळायला माणूस हवा होता. काका लागले. डॉक्टर-वकिलांची हौस दोन-तीन उन्हाळ्यांत फिटली. क्लब उरला, आणि क्लबात काका उरले. मग कॉलेजची पोरंपोरी यायला लागली, स्पर्धा व्हायला लागल्या, आणि माझ्यासारखी, ज्यांना क्रिकेटच्या टीममध्ये कोणी घेत नव्हतं अशी बरीच मंडळी काकांच्या हाताखाली पोटावर झोपून रायफल धरायला शिकली.

रेंज गावाबाहेर. खाणीनं वर्षानुवर्षं उपसून टाकलेल्या मातीचा एक जुना डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी. डोंगर गोळ्या गिळायला आयताच मिळाला. पन्नास मीटरवर निशाणे, आणि निशाण्यांच्या खाली एक खोल खड्डा. क्लबाकडं दुर्बीण होती, पण ती सेक्रेटरी वामनराव वकिलांच्या घरी असायची आणि वकीलसाहेब तिच्यातून काय पाहायचे हा वेगळा विषय आहे. म्हणून काकांनी फौजेची रीत चालवली. खड्ड्यात दोन पोरं बसवायची. वर गोळी लागली की खालून त्यांनी एक लांब काठी काढायची, काठीच्या टोकाला पांढरी चकती, आणि चकती जिथं छिद्र पडलं तिथं ठेवून दाखवायची. अगदी मधल्या काळ्या ठिपक्यात लागली तर चकती मध्यात ठेवून दोनदा फिरवायची. त्याला बुल म्हणतात. आणि निशाणा साफ चुकला तर लाल झेंडा डावीकडून उजवीकडं हलवायचा. तेवढ्यावरून इकडं झोपलेल्याला कळायचं, आपण जगात कुठं आहोत.

खड्ड्यातल्या पोरांना काकांचा एकच कायदा होता. खोटा बुल दाखवायचा नाही. आता पोरंच ती. दोस्त गोळ्या मारून राहिलाय, समोर मुलींची रांग बसलेली आहे, तर दोस्तासाठी एखादी चकती मध्यात सरकवणार नाहीत तर काय. पण काका पन्नास मीटरवरून पकडायचे. एकदा मी पकडला गेलो तेव्हा विचारलं, काका, तुम्हाला छिद्र तर दिसत नाही, मग कळलं कसं?

"छिद्र कायले पाह्याले पाह्यजे? मी तुह्या डोस्क्याकडं पाह्यतो. खरा बुल दाखवनारा निशान्याकडं पायते. खोटा दाखवनारा वरतं मुंडी काढून दोस्ताचं तोंड पायते, का बावा खुश झाला का नाही."

आणि मग मान हलवून म्हणायचे, "खोट्या बुलानं गडी खराब होते रे. त्याले वाट्टे आपलं बरोबर हाय."

रविवारी नवीन पोरं आली की काकांचं भाषण व्हायचं. तळहातावर एक काडतूस घेऊन. ते भाषण आम्हाला पाठ होतं आणि आम्ही मागे उभं राहून ओठ हलवत सोबत म्हणायचो.

"हिले पाहा. हिले कोनी भेत नाही, हा हिचा पयला गुन. मोठी रायफल खांद्याले लाथ मारते. एकदा लाथ खाल्लेला गडी दुसऱ्या बारीले घोडा दाबाच्या आंधीच डोये मिटते. ही लाथ मारत नाही, खांद्यावर हात ठेवल्यावानी ठेवते. हिच्यावर शिकलेला मानूस डोये उघडे ठेवून शिकते. दुसरं, ही खोटं बोलत नाही. पन्नास मीटरवर जिथं सांगसान तिथं जाते. नाही गेली तं तुमचा श्वास चुकला, तिचा नाही. हवा आली तं जराशी सरकते, म्हनून हवा पाह्याले शिकवते. तिसरं, सस्ती हाय. गरिबाच्या पोराले दिवसभर मारता येते. आन् चवथं, आवाज. टाळी वाजवल्यावानी. कान दुखाचं कामच नाही."

हा चौथा गुण हल्ली ते सांगत नाहीत.

शिकारीचं बोलणं निघालं तर काका गंभीर व्हायचे. त्यांचे वडील बंदी यायच्या आधीच्या काळात शिकाऱ्यांसाठी हाका घालायला जायचे, रान उठवायला. त्यांनी पाहिलेलं, की लहान गोळी ससा नाहीतर तितर एका दमात घेते, मांस खराब करत नाही, रान घाबरवत नाही. "जनावर लहान, गोळी लहान. बरोबरीचा मामला," असं काका म्हणायचे. आता शिकार कायद्यानं नाही, तर त्यांनी कधी केलीही नाही. पण गावाकडच्या शेजारच्या शेताचा भारत दरवर्षी हरभऱ्याच्या दिवसांत यायचा. रानडुकरांनी वावर नांगरून टाकलं, एक दिवस रायफल घेऊन चल म्हणायचा.

"टू-टूनं डुक्कर मारतं का बे?" काका म्हणायचे. "थे मरनार नाही. घरी जाऊन बायकोले सांगन का भारतनं चिमटा काढला. आन् तिसऱ्या दिवशी तुले वावरात गाठन. जखमी जनावर सडून मरते, भारत. जे काम हिचं नाही, थे हिले सांगाचं नाही."

एवढं सगळं कळणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळली नाही.

उन्हात पोरांची पोटं भाजतात म्हणून काकांनीच वकिलांच्या मागे लागून झोपायच्या जागेवर टिनाचं शेड करून घेतलं होतं. वरून टिन, तिन्ही बाजूंनी टिन. त्या टिनाखाली टाळी वाजायची ती टाळी राहायची नाही. आमच्या कानात शिट्टी बसायची आणि जेवेपर्यंत उतरायची नाही. त्यावर काकांकडं औषध होतं. मारेगावच्या वावरातला कापूस. एका कापडी पिशवीत सरकीसकट आणायचे, फायरिंगच्या आधी रांगेनं हिंडत प्रत्येकाला बोंडभर द्यायचे, सरकी काढा आणि कानात घाला. स्वतःही घालायचे. दोन्ही कानांतून पांढरं बाहेर आलेले काका झाडाला लागलेल्या बोंडासारखे दिसायचे. कापसाच्या जिल्ह्यातला माणूस. जखमेवर कापूस, दिव्यात कापूस, उशीत कापूस, तर कानात दुसरं काय घालणार? कापूस कानात हवा जाऊ देत नाही, आवाज खुशाल जाऊ देतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्ही पोरं दोन-तीन वर्षं शिकून निघून जायचो. काका तिथंच, टिनाखाली, प्रत्येक गोळीला, सगळी वर्षं.

कान एका दिवसात जात नाहीत. आधी बारीक आवाज जातात. काकांचे कुकरच्या शिट्टीपासून गेले, मग मोबाइलची घंटी गेली, मग चिमण्या गेल्या. मजा अशी, की कोळशाचा ट्रक त्यांना चौकातून ऐकू यायचा. वामनराव वकिलांचा घोगरा आवाज ऐकू यायचा. गेला तो नेमका नलूकाकूचा.

नलूकाकू म्हणजे आमच्या गल्लीचा रेडिओ. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, गालात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, आणि पाय चालेल तितका वेळ तोंड चालायचं. आवाज बारीक, सुईसारखा. तो आवाज आता नवऱ्याच्या कानाला लागेना. काकूला काही वर्षं वाटलं, मुद्दाम करतो.

"साऱ्या गावाचं आयकू येते, माह्यंच तेवढं येत नाही! असा कोनता रोग असते का माय?" काकू मानीबाईला म्हणायची. मानीबाई समोरच्या घरातली. ती म्हणायची, "असते न. साऱ्याच नवऱ्याईले असते."

गल्ली हसायची. काकाही हसायचे, काय चाललंय ते न कळताच.

मग एक दिवस काकूनं त्यांच्या पाठीमागं ताटली आपटली आणि काका वळलेसुद्धा नाहीत. त्या दिवशी काकूला पटलं. त्या दिवसापासून तिची तऱ्हाच बदलली. भांडण बंद. तोंडासमोर हातवारे करून कामापुरतं सांगायची, आणि काका पाठ करून बसले की मशीन चालवता चालवता त्यांच्याविषयी वाट्टेल ते बोलायची. मी ब्लाउज न्यायला गेलो की ऐकायचो. आमच्या आईचे ब्लाउज तिच्याकडंच असायचे.

"पाय पाय ऋतिक, कसा बसला भैरा. मिशी तं पाय. पयल्या दिवशी पाह्यला तवापासून मले याची मिशी आवडते, पन सांगतलं नाही कधी. कायले डोक्शावर बसवाचं?"

"आता सांगून टाक ना काकू."

"आता कोनाले सांगू?" आणि खर्र्याची पिंक टाकून हसायची. "आता तं मोकळं झालं बावा. काही बी म्हना."

माणसानं बायकोच्या तोंडून आयुष्यात जेवढं गोड ऐकायला हवं, तेवढं काकूनं त्या काळात बोलून टाकलं. सगळं पाठीमागं, आणि गिऱ्हाइकांसमोर.

कानाच्या मशीनचं दीपानं किती वेळा काढलं. ती चंद्रपूरला बँकेत आहे. यायची तेव्हा हाच विषय. काका ऐकायचे नाहीत, दोन्ही अर्थांनी म्हणा हवं तर. एकदा मला म्हणाले, "तुले सांगतो. मशीन लावून रेंजवर गेलो तं पोरं का म्हनतीन? टूटू काकाचे कान टू-टूनं नेले. माह्या तोंडानं मी इतके वर्षं का सांगत आलो? कान दुखाचं कामच नाही. मंग? मशीन लावलं म्हंजे तिच्यावर आळ येते."

काडतुसावर आळ नको म्हणून माणूस बहिरा राहिला. मी हसलो होतो. आता आठवलं की हसू येत नाही.

मग काकूचा घसा धरला. खर्रा. नागपूरला ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले, आणि ती परत आली तेव्हा तिच्या सुईसारख्या आवाजाच्या जागी फक्त वारा उरला होता. ओठ हलायचे, घशातून हवा यायची. तोंडाशी कान नेला तर आम्हाला शब्द कळायचे. काकांना काहीच नाही. वर डॉक्टरांनी दीपाला बाजूला घेऊन सांगितलं, की आता घरीच ठेवा, जे आवडेल ते द्या.

ज्या दिवशी दीपानं हे काकांना ओरडून सांगितलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी काका पहिल्या एसटीनं यवतमाळला गेले. कानाचं मशीन करायला. कोणी सांगावं लागलं नाही. काडतुसाची अब्रू, पोरं काय म्हणतील, सगळं घरी ठेवून गेले. त्यांना एवढंच हवं होतं, की ती आहे तोवर तिचा आवाज कानावर पडावा.

मशीन तयार होऊन आलं त्या दिवशी यवतमाळला मी त्यांच्यासोबत होतो. कान तपासणाऱ्या बाईनं ओरडून विचारलं, कामाचं ठिकाण कसं होतं? काकांनी सांगितलं. रेंज, टिन, कापूस. बाई कापसावर थोडी थांबली, मशीन त्यांच्या कानात बसवलं, मग हळू म्हणाली, "काका, कापसानं काही होत नाही." काकांना ते ऐकू आलं. मशीन लावल्यावर त्यांना ऐकू आलेलं पहिलं वाक्य हेच.

पण परतीच्या एसटीत त्यांचा चेहरा पाहायला हवा होता. खिडकीच्या काचेचा खडखडाट, कंडक्टरच्या पंचची टकटक, मागच्या सीटवरचं लेकरू. "थे रडून राह्यलं न?" मला विचारलं. हो म्हटलं. "कितीक दिवसांनं आयकलं बे लेकरू." करंजी आली, मारेगाव आलं. मारेगावला उतरून त्यांनी काकूसाठी संत्री घेतली आणि संत्रीवालीशी उगाच बोलत राहिले, बाईमाणसाचा आवाज पारखायला.

घरी आले. चपला काढल्या. खाटेशी बसले. "बोल," म्हणाले. "बोल वं नले, काही बी बोल."

काकूनं त्यांच्या कानातल्या मशीनकडं पाहिलं, मिशीकडं पाहिलं, आणि ओठ हलवले. मी खाटेच्या पायथ्याशी होतो. मला कळलं ती काय म्हणाली. "बोंड गेलं, बोंडअळी आली कानात," असं काहीतरी चावटच म्हणाली.

काकांनी डोळे मिटले. मान तिरपी केली. पुन्हा बोल म्हणाले. पुन्हा. मशीन खरखर करेपर्यंत वाढवून पाहिलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि मला म्हणाले, "नुसती हवा येऊन राह्यली रे. हवाच हवा."

मशीन आवाज मोठा करतं. जिथं आवाजच उरला नाही तिथं काय मोठं करणार?

दुसरा माणूस खचला असता. काका रेंजचे. त्यांनी एक जुना कागदी निशाणा आणला, काळ्या ठिपक्याचा, पुठ्ठ्याला चिकटवला आणि काकूच्या हाताशी भिंतीला टांगला. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडाची, एक सरळ काडी सोलली, टोकाला औषधाच्या बाटलीचं पांढरं झाकण ठोकलं. शिलाई मशीनच्या खणातून लाल अस्तराचा तुकडा काढून झेंडा केला. काकूला लिहिणं सहीपुरतंच येत होतं, म्हणून पाटीचा उपयोग नव्हता. आता शिक्षण सुरू झालं.

"वरतं म्हंजे पंखा. खालतं म्हंजे पाय दाबा. डाव्या अंगाले पानी. उजव्या अंगाले औषद. कोपऱ्यात दीपा. मी इचारीन, बरोबर असन तं मंधात ठेवून दोनदा फिरव. बुल. चुकलं असन तं लाल. समजलं का?"

काकूनं पहिलंच उत्तर लाल झेंड्यानं दिलं. गल्लीत बातमी पसरली. मानीबाई पाहून गेली आणि म्हणाली, "बायकोलेबी फौजेत भरती केलं याच्यानं."

पण चाललं. काका दिवसभर खाटेशी. रेंजवर जाणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. काकू काडी उचलायची, काका ओळखायचे. पाणी? बुल. पंखा कमी? लाल. पंखा जास्त? बुल. चहा? लाल. ऋतिकले हाकलू का? बुल, आणि चकती दोनदा नाही, चार-पाचदा फिरायची. तिच्या डोळ्यांत तीच जुनी खोड. कधी कधी ती मुद्दामच लाल हलवत राहायची आणि काका घामाघूम होऊन घरातल्या सगळ्या वस्तूंची नावं घ्यायचे. मग शेवटी आपली चकती त्यांच्या मिशीवर ठेवून फिरवायची. त्या वेळी काकांना कळायचं नाही याचा अर्थ काय. मला कळायचा. मी बाहेर जायचो.

जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर आली होती. रेंजवर पोरं होती पण शिकवणारं कोणी नव्हतं. वकील रोज निरोप पाठवत होते. काका नाही म्हणत होते.

त्या रविवारी सकाळी काकू उठली ती वेगळीच होती. दीपा रात्रीच आली होती, उशाशी बसलेली. मी दूध घेऊन गेलो तो दारातच थांबलो. काकूचे ओठ हलत होते. हातात काडी होती पण निशाण्यावर जात नव्हती. हवेतच. काका पुढं वाकलेले.

"पानी?"

लाल.

"कूस बदलू? पाय?"

लाल. लाल.

"दुखून राह्यलं? औषद? दीपा इथंच हाय, पाय इकडं."

लाल झेंडा प्रत्येक वेळी थोडा खाली यायला लागला. ओठ तेच तेच हलत होते. काका तिच्या तोंडाला कान लावायचे, परत उठायचे, मशीन पिरगाळायचे. काय काय विचारलं त्यांनी. संत्री, खिडकी, गोधडी, मारेगावचं वावर, तिची मेलेली बहीण. घामानं शर्ट भिजला. ते मशीनशी झटत होते तेव्हा कुठं दीपाला आईच्या ओठांशी कान नेता आला.

शेवटी, दुसरं काही उरलं नाही म्हणून काका म्हणाले, "रेंजवर जा म्हनतं का? पोरं वाट पाहून राह्यले म्हनून?"

काकूनं त्यांच्याकडं पाहिलं. खूप वेळ. मग काडी उचलली, झाकण काळ्या ठिपक्यावर ठेवलं आणि दोनदा फिरवलं.

दीपा काही बोलायला उठली तर काकूनं दुसऱ्या हातानं तिचं मनगट दाबलं.

काकांनी तिची गोधडी नीट केली. मग उठले. तिच्या कपाळावरून हात फिरवला, बूट घातले, टोपी घातली. दारात माझ्याजवळून जाताना म्हणाले, "येतो लवकर." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, कोडं सुटल्याचं असेल.

दुपारी रेंजवर निरोप घेऊन मीच गेलो. टिनाखाली पोरं झोपलेली, काका त्यांच्या मागं उभे. मी लांबून हाका मारत होतो आणि ते पाठमोरेच होते. खांद्याला हात लावला तेव्हा वळले. माझं तोंड पाहिलं. त्यांनी पोरांना हातानंच हुकूम दिला, रायफली खाली करा.

काकूच्या जलदानाचा विधी झाला. पाहुणे गेले. दीपा चंद्रपूरच्या गाडीला निघायच्या तयारीत, बॅग दारात. मी तिला स्टँडवर सोडायला गाडी घेऊन आलो होतो. काका रिकाम्या खाटेवर बसलेले. मशीन त्यांनी त्या दिवसापासून कानात घातलंच नव्हतं, डबीत टाकून ट्रंकेत ठेवलं होतं. भिंतीवर निशाणा तसाच.

"दीपा," ते म्हणाले, "थे का म्हने?"

दीपानं बॅगेची चेन लावली, उघडली, परत लावली.

"त्या दिशी. तू उशाशी होती. का म्हने माय?"

दीपा माझ्याकडं पाहून हळूच म्हणाली, "बाबाले वाट्टे ना का तिनं रेंजवर पाठोलं. राहू दे न. तेवढं तरी राहू दे." तिला खात्री होती की त्यांना ऐकू जाणार नाही. गेलंही नाही. पण काका तिच्या तोंडाकडं पाहत होते.

"मले फसवू नोको," ते म्हणाले. "खोटा बुल मले समजत नाही का? जिंदगी गेली माही. खरा असता तं तिनं निशान्याकडं पाह्यलं असतं. थे माह्या तोंडाकडं पाहे."

दीपानं चेनीवरून हात काढला.

"मले तवाच समजलं. मी गेलो कायले? थे थकली होती म्हनून. मी बसलो असतो तं अजून इचारत बसलो असतो, आन् तिले अजून लाल दाखवा लागलं असतं. तिनं देल्ला, मी घेतला. परत कसा करू?" मग पुन्हा, "का म्हने, सांग."

दीपा त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली. ओठांवरून कळेल असं सावकाश बोलली. काकांनी मान हलवली. कळलं नाही. ती कानाशी गेली, बोलली. नाही. गल्लीतून कोळशाचा ट्रक चालला होता. तो मात्र त्यांना ऐकू येत होता, कारण त्यांनी तो जाईपर्यंत हात वर करून तिला थांबवलं.

ट्रक गेला. दीपानं श्वास घेतला आणि ओरडली. आईनं जे वाऱ्याच्या आवाजात म्हटलं होतं, ते तिला बापासाठी रस्त्यात ऐकू जाईल एवढ्या जोरानं ओरडावं लागलं.

"भेव लागून राह्यलं म्हने! मले भेव लागून राह्यलं, एवढंच म्हने!"

समोर मानीबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला. सायकलवर चाललेलं एक पोरगं पाय टेकून उभं राहिलं.

काकांना ऐकू आलं. ते चेहऱ्यावरूनच कळलं.

मग उठून भिंतीजवळ गेले, आणि निशाण्यावर बोट ठेवलं. वर, पंखा. खाली, पाय. डावीकडं पाणी, उजवीकडं औषध. कोपऱ्यात दीपा. बोट पुन्हा सगळीकडून फिरलं, रांगेनं, काही सुटलं तर नाही ना ते पाहत. मध्यावर आलं नि तिथंच राहिलं.

"याच्यात भेव कुठी होतं?" ते म्हणाले. "मी ठेवलंच नाही."

दीपाची गाडी चुकली. तिनं बॅग आत ओढली आणि चहा ठेवला.